बेमुदत

बर्लिनमध्ये इमारतीला नंबर असतो, आतल्या घरांना सहसा नसतो. ‘तिसरा मजला, खोली नंबर बेचाळीस’ असला पत्ता इथे चालत नाही. खालच्या दाराशी बेलच्या बटणांची पाटी असते, प्रत्येक बटणाशेजारी राहणाऱ्याचं आडनाव, आणि टपालपेटीवर तेच आडनाव. पोस्टमन ते वाचून पत्र टाकतो. नाव दिसलं नाही तर पत्र आल्या वाटेनं परत. मी सप्टेंबर २०२२मध्ये नोकरीसाठी इथे आले आणि पुढचे साडेचार महिने माझं आडनाव या शहरातल्या एकाही पाटीवर नव्हतं. बँकेचं कार्डसुद्धा मी ऑफिसच्या पत्त्यावर मागवलं.

नवरा आणि पाच वर्षांची लेक पुण्यात होती. मी पुढे जायचं, घर बघायचं, मग ते दोघं येणार असं ठरलं होतं. महिना, फार तर दीड महिना लागेल असं आम्ही धरून चाललो होतो. पुण्यात सहा वर्षांत आम्ही चार घरं बदलली होती. अकरा महिन्यांचा करार, तो संपत आला की मालकाचा फोन, भाडं वाढवता की घर सोडता हा प्रश्न, पुन्हा एजंट, पुन्हा डिपॉझिट, पुन्हा टेम्पो. त्यामुळे घर शोधणं मला नवीन नव्हतं. पण घर नावाच्या गोष्टीकडे त्या साडेचार महिन्यांत मी जितकं निरखून पाहिलं, तितकं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

पहिली खोली नॉयकोल्नमध्ये मिळाली. मूळ भाडेकरू तीन महिने बाहेरगावी जाणार होता, त्यानं ती मला पोटभाड्यानं दिली. जुन्या इमारतीतली खोली, चांगली ऐसपैस, पण दिवसा अंधारी. रस्त्याकडची इमारत आणि तिला मागून जोडलेली बाजूची इमारत जिथे काटकोनात मिळतात, त्या सांध्यातली ही खोली. तिला अंगणाच्या कोपऱ्यात उघडणारी एकच खिडकी. अशा खोल्या या शहराची इतकी खास ओळख आहेत की त्यांना ‘बर्लिनर त्सिमर’ असंच नाव आहे. मला ती आवडली होती. अडचण खोलीची नव्हती. “इथे नोंदणी करता येणार नाही,” असं त्यानं किल्ली देतानाच सांगितलं होतं, आणि त्या वाक्याचं वजन मला तेव्हा कळलं नाही.

जर्मनीत नव्या घरात राहायला गेलं की दोन आठवड्यांच्या आत नागरी कार्यालयात जाऊन आपला पत्ता नोंदवावा लागतो. या नोंदणीला ‘अनमेल्डुंग’ म्हणतात. त्यासाठी, ही व्यक्ती माझ्याकडे राहायला आली आहे, असं घर देणाऱ्यानं सही करून द्यावं लागतं. ती नोंद झाली की करक्रमांक घरी टपालानं येतो. करक्रमांक नसेल तर पगारातून सहाव्या वर्गाचा, म्हणजे सगळ्यात चढा कर कापला जाऊ शकतो. माझं तेच झालं. जादा कापलेलं नंतर परत मिळतं, पण पुण्याचं भाडं, इथलं भाडं आणि लेकीची शाळा हे सगळं चालू असताना ‘नंतर’ला काही अर्थ नव्हता. मी पत्त्याशिवाय राहत होते म्हणून पैसे कमी मिळत होते, आणि पैसे कमी दिसत होते म्हणून घरमालक मला पुढच्या यादीत घेत नव्हते.

कागदांचंही तसंच. घर पाहायला जाताना फाइल घेऊन जायची. तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, नोकरीचा करार, पासपोर्टची प्रत, स्वतःची माहिती लिहिलेला तक्ता, आधीच्या मालकाचं ‘हिच्याकडे भाडं थकलेलं नाही’ असं पत्र, आणि ‘शुफा’चा दाखला. शुफा ही लोकांची पत नोंदवणारी संस्था, १९२७मध्ये बर्लिनमध्येच सुरू झाली. विजेची उपकरणं हप्त्यानं घेणारा माणूस हप्ते फेडेल का, हे तपासण्यापासून तिची सुरुवात झाली. आता तिचा कागद नसेल तर बहुतेक मालक पुढे बोलत नाहीत. मी देशात नवीन, माझी नोंद कोरी. आधीच्या मालकाचं पत्र मी पुण्याहून मागवलं. आमच्या घरमालक काकांनी ते इंग्रजीत टाइप करून, सोसायटीचा शिक्का मारून पाठवलं. त्या शिक्क्याचा उपयोग झाला की नाही कोण जाणे, पण त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

एक फसवी जाहिरातही भेटली. भर शहरात सत्तर चौरस मीटर, भाडं निम्मं, मालक परदेशात, अनामत पाठवा म्हणजे किल्ली कुरिअरनं येईल. मी पैसे भरायच्या बेतात होते. ऑफिसमधल्या एका मुलीनं वाचलं आणि माझा लॅपटॉपच बंद केला. नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते: घर आतून पाहिल्याशिवाय एक युरोसुद्धा पाठवू नका.

जाहिराती वाचायलाही शिकावं लागलं. इथे खोल्या मोजताना हॉल आणि बेडरूम एकाच पंगतीला बसतात. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मोजत नाहीत. म्हणजे ‘दोन खोल्यांचं घर’ म्हणजे आपला वन बीएचके. भाडं दोन आकड्यांत लिहितात. ‘थंड’ भाडं म्हणजे नुसत्या जागेचं. ‘गरम’ भाड्यात हीटिंग, पाणी, जिन्याची झाडलोट, कचरा हे सगळं येतं, आणि वर्षातून एकदा त्याचा हिशोब होऊन कमीजास्त द्यावं-घ्यावं लागतं. वीज बहुधा त्यातही नसते. अनामत थंड भाड्याच्या तीन पटींहून जास्त घेता येत नाही, आणि तीही तीन हप्त्यांत भरण्याचा हक्क कायद्यानं भाडेकरूला आहे. हे मी नवऱ्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “परत एकदा सांग.”

मी एकूण १३८ अर्ज केले. १९ उत्तरं आली, ११ घरं पाहिली. माझं आडनाव पाहून किती अर्ज बाजूला पडले असतील हा विचार रात्री झोपताना यायचाच. शहरात घरांची तंगी होतीच. वर्षभरापूर्वीच, २६ सप्टेंबर २०२१ला, बर्लिनकरांनी मोठ्या कंपन्यांच्या हातातली घरं समाजाच्या मालकीची करावीत या बाजूनं मतदान केलं होतं. ज्या शहरात दहांतली आठ माणसं भाड्यानं राहतात, तिथे घरभाडं हा निवडणुकीचा विषय होणारच.

ऑक्टोबरच्या शेवटी वेडिंगमध्ये एक ‘अल्टबाउ’ पाहायला गेले. अल्टबाउ म्हणजे जुनं बांधकाम, बहुतेक वेळा पहिल्या महायुद्धाआधीचं. सगळ्यांना तेच हवं असतं: उंच छत, लाकडी फळ्यांची जमीन, दुहेरी पेटीसारख्या खिडक्या. दार उघडायच्या आधीच जिन्यावर चौथ्या मजल्यापर्यंत रांग होती. मी मोजली, साठ माणसं. प्रत्येकाच्या हातात तीच फाइल. घर होतं मागच्या इमारतीत. रस्त्यावरच्या देखण्या दारातून आत जायचं, अंगण ओलांडायचं, आणि मग दुसरा, साधा जिना. दुपारचे दोन वाजले होते आणि स्वयंपाकघरात दिवा लावलेला होता. खिडकीसमोर दहा-बारा पावलांवर दुसरी भिंत.

त्या अंगणात उभी असताना मला आमची चाळ आठवली, आणि घरी जाऊन मी या इमारतींविषयी मिळेल ते वाचत बसले. १८६२मध्ये जेम्स होब्रेख्ट यांनी बर्लिनच्या वाढीचा आराखडा केला. रुंद रस्ते आखले, पण रस्त्यांमधले भूखंड फार खोल ठेवले. कारखान्यांसाठी माणसांचे लोंढे येत होते, आणि जमीनमालकांनी त्या खोल भूखंडांत एकामागे एक इमारती उभ्या केल्या. मधे अंगण किती हवं? त्या वेळच्या नियमानं किमान ५.३४ मीटर लांब आणि तितकंच रुंद, आगीचा बंब वळवता यावा एवढं. राहणाऱ्यांच्या उजेडाचा विचार त्या मापात नव्हता. पुढच्या इमारतीत नक्षीदार छतं आणि पैसेवाली कुटुंबं, मागे कामगार, एकेका खोलीत अख्खं कुटुंब, संडास जिन्याच्या अर्ध्या टप्प्यावर सामाईक. लोक या इमारतींना ‘मीट्सकासेर्ने’ म्हणत, म्हणजे भाड्याच्या बराकी. वेडिंगमध्येच आकरश्ट्रासेवर मायर्स होफ नावाची अशी एक वसाहत होती, एकामागे एक सहा अंगणांची. १९७२मध्ये तिचे शेवटचे अवशेष पाडले.

माझं बालपण नायगावच्या बीडीडी चाळीत गेलं. १९२०च्या दशकात सरकारनं बांधलेल्या त्या काँक्रीटच्या इमारती. मधून बोळ, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, सामाईक संडास, आणि खोली १६० चौरस फुटांची. आजोबा गिरणीत, बाबाही गिरणीत. म्हणून वेडिंगच्या त्या मागच्या अंगणात मला परकं वाटलं नाही, पण तिथे राहायचं नाही हेही तिथेच पक्कं झालं. माझ्या लेकीच्या वाट्याला उजेड हवा होता.

ऑफिसात आम्ही नऊ देशांचे लोक. मी घर शोधते आहे हे कळल्यावर जेवणाच्या टेबलावर महिनाभर दुसरा विषय नव्हता. बुडापेस्टच्या सहकारिणीनं तिच्या आजीच्या घराचा फोटो दाखवला. मधे चौक, चारी बाजूंनी प्रत्येक मजल्यावर लोखंडी कठड्याची उघडी गॅलरी, आणि प्रत्येक घराचं दार त्या गॅलरीत. मी तिला गिरगावातल्या मामाच्या चाळीचा फोटो दाखवला. ती काही वेळ दोन्ही फोटो बोटांनी मोठे करून बघत राहिली. वाळत घातलेले कपडेसुद्धा सारखेच होते.

व्हिएन्नाचा सहकारी महापालिकेच्या घरात वाढलेला. १९२३मध्ये तिथल्या नगरपालिकेनं घरांवर खास कर बसवला, श्रीमंत घरांवर जास्त, आणि त्या पैशातून दहा-अकरा वर्षांत साठ हजारांहून जास्त घरं बांधली. त्यातला कार्ल-मार्क्स-होफ तर किलोमीटरभर लांब आहे. आजही त्या शहरातली निम्मी माणसं पालिकेच्या किंवा सरकारी मदतीनं बांधलेल्या घरांत राहतात, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मुंबईत म्हाडाची सोडत लागली की आमच्याकडे पेढे वाटतात, हे त्याला सांगितल्यावर त्याला आधी सोडत म्हणजे काय हेच समजावून सांगावं लागलं.

डच मुलगी म्हणाली, तुमच्याकडे निदान जिना चढता येतो. ॲमस्टरडॅमच्या कालव्यांकाठची जुनी घरं इतकी अरुंद आणि जिने इतके उभे की कपाट जिन्यानं जात नाही; दर्शनी भिंतीच्या माथ्यावर आकडा असतो, त्याला दोर लावून सामान खिडकीतून आत घेतात. तिकडे भाड्याचं घर पुष्कळदा जमिनीवरच्या आच्छादनाशिवाय मिळतं. जाणारा भाडेकरू आपली लाकडी फरशी उचलून घेऊन जातो.

सगळ्यात जवळचा वाटला तो बुखारेस्टचा मुलगा. रोमानियात १९८९मध्ये कम्युनिस्ट राजवट गेल्यानंतर सरकारी घरं राहणाऱ्यांनाच स्वस्तात विकली गेली, त्यामुळे तिथे दहांतले नऊहून जास्त लोक स्वतःच्या घरात राहतात. युरोपीय संघात हे प्रमाण सगळ्यात जास्त त्यांच्याकडे, आणि ते सगळ्यात कमी असलेल्या देशांत जर्मनी. तो बर्लिनमध्ये सात वर्षं भाड्यानं राहतोय आणि त्याची आई दर रविवारी फोनवर विचारते, “अजून भाड्यानंच?” माझ्या बाबांचा प्रश्नही शब्दन् शब्द हाच होता.

नोव्हेंबरमध्ये माझी एक चूक लक्षात आली. कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी राखलेल्या घरांना एक पात्रता दाखला लागतो, त्याचं संक्षिप्त नाव डब्ल्यूबीएस. जाहिरातीत ती अक्षरं दिसली की मी पुढे जायचे, कारण तो दाखला मला मिळणार नव्हता. शहराच्या पूर्वेकडच्या मार्त्सानमधल्या कितीतरी जाहिरातींत ‘डब्ल्यूबीएस ७०’ असं लिहिलेलं होतं, तीही सगळी मी सोडून दिली. ते बांधकामाच्या पद्धतीचं नाव आहे हे मला दोन महिन्यांनी कळलं. ‘वोनुंग्सबाउसेरी ७०’, म्हणजे पूर्व जर्मनीची गृहबांधणी मालिका ७०. त्यातली पहिली इमारत १९७३मध्ये नॉयब्रांडेनबुर्गला उभी राहिली. भिंती, छतं, बाल्कन्या कारखान्यात ओतायच्या, काही टनांचे ते काँक्रीटचे तुकडे क्रेननं आणून सांधायचे. तुकड्याला ‘प्लाटे’ म्हणतात, म्हणून इमारत ‘प्लाटेनबाउ’. प्राग, ब्रातिस्लाव्हा, बुखारेस्ट, सगळीकडे ही घरं आहेत. चेक लोक त्यांना ‘पानेलाक’ म्हणतात.

मी तिथे अर्ज करतेय म्हटल्यावर ऑफिसात दोघा-तिघांनी चेहरे केले. मार्त्सान? तिकडे कोण राहतं? नुसते राखाडी ठोकळे. बोलणाऱ्यांपैकी एकानंच तो भाग प्रत्यक्ष पाहिला होता, तोही ट्रामच्या खिडकीतून. नायगाव-परळविषयी असंच बोललेलं मी लहानपणापासून ऐकत आले आहे, त्यामुळे माझं मन तिथेच ओढ घेऊ लागलं.

घर पाहायला १२ डिसेंबरला गेले. बर्फ पडलेला. एस-सात लोकलनं श्प्रिंगफूल स्टेशन, तिथून सात-आठ मिनिटं चालत. अकरा मजली इमारत, सातवा मजला, लिफ्ट. घर शहराच्या मालकीच्या गृहनिर्माण कंपनीचं. अशा सहा कंपन्या बर्लिनमध्ये आहेत. पाहायला मी आणि आणखी तीनच कुटुंबं. तीन खोल्या, ६१ चौरस मीटर, म्हणजे साडेसहाशे चौरस फूट, आणि ते सगळं वापरात येणारं. छत बेताचं, न्हाणीघराला खिडकी नाही, भिंतीत खिळा ठोकायचा तर हॅमर ड्रिल लागेल. पण हॉलच्या रुंद खिडकीतून डिसेंबरचं कोवळं ऊन थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत आलं होतं. मी त्या उन्हात जाऊन उभी राहिले. दोन इमारतींमध्ये एवढं अंतर की मधे शाळा, पाळणाघर, खेळाचं मैदान आणि मोठी झाडं. वस्ती आखतानाच शाळा, दवाखाना, दुकान चालत जाण्याच्या अंतरावर ठेवलं होतं. लेक शाळेत जाताना मला बाल्कनीतून फाटकापर्यंत दिसणार होती.

त्या हिवाळ्यात गॅसचे भाव सगळ्यांच्या तोंडी होते. युक्रेनमधल्या युद्धामुळे सरकारनं सार्वजनिक कार्यालयांत १९ अंशांहून जास्त तापवायला बंदी केली होती. वेडिंगच्या त्या घरात गॅसचा स्वतंत्र बॉयलर होता, बिल भाडेकरूच्या नावावर. इथे वस्तीच्या हीटिंगचं गरम पाणी नळांवाटे घरोघर येतं. थंड भाडं ५२० युरो, गरम ७००.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दोन उत्तरं एकदम आली. एक मार्त्सानचं. दुसरं मोआबिटमधल्या एका खासगी मालकाचं: अल्टबाउ, मागची इमारत, पण वरचा मजला, उजेड बरा, ऑफिसला वीस मिनिटं. भाडं अडीचशे युरोंनी जास्त, आणि करार दोन वर्षांचा. दोन वर्षांनी मालकाच्या मुलाला घर लागणार होतं. ऑफिसातल्या सगळ्यांनी सांगितलं, मोआबिट घे. नवऱ्यानं फक्त विचारलं, “मार्त्सानचा करार किती महिन्यांचा?”

मी कागद पुन्हा उघडला. तिथे शब्द होता ‘उनबेफ्रिस्टेट’. मुदत नाही. आम्ही सोडायचं ठरवलं तर तीन महिने आधी कळवायचं. मालकाला मात्र कायद्यात बसणारं कारण दाखवल्याशिवाय आम्हाला काढता येणार नाही, आणि ‘मला स्वतःला राहायचंय’ हे इथे सगळ्यात जास्त वापरलं जाणारं कारण शहराच्या कंपनीला लागू पडत नाही. त्या रात्री आम्ही दोघं फोनवर बराच वेळ गप्प होतो. सहा वर्षांतले चार टेम्पो दोघांच्याही डोळ्यांसमोर होते. सकाळी मी मार्त्सानला होकार कळवला.

१ फेब्रुवारी २०२३ला घर ताब्यात घेतलं. इमारतीचे व्यवस्थापक, इथल्या भाषेत हाउसमाइस्टर, आणि मी, आम्ही दोघं पाऊण तास घरभर फिरलो. प्रत्येक ओरखडा, फरशीचा प्रत्येक डाग, पाण्याच्या आणि हीटिंगच्या मीटरचे आकडे, किल्ल्यांची संख्या, सगळं कागदावर उतरलं आणि दोघांनी सह्या केल्या. याला ताब्याचा पंचनामा म्हणावा. घाई करू नये. मी खिडकीच्या कडीचा सैल स्क्रूसुद्धा लिहून घेतला. घर साफ रिकामं होतं. छतातून दिव्यांच्या वायरी लोंबत होत्या, एकही बल्ब नाही. स्वयंपाकघरात एक सिंक आणि चार चुलींची विजेची शेगडी. जर्मनीत इतर ठिकाणी पुष्कळदा तेही नसतं; स्वयंपाकघर भाडेकरूनं आपलं आणायचं आणि जाताना न्यायचं किंवा पुढच्याला विकायचं. पहिली रात्र मी फुगवायच्या गादीवर काढली, टेबललॅम्प जमिनीवर ठेवून.

कपाटं शेजारणीनं मिळवून दिली. ऐंशीच्या घरातल्या त्या आजी १९८५पासून याच मजल्यावर आहेत. त्यांच्या तोंडी ‘तीन त्सिमर’ येत नाही, ‘द्राय राउम’ येतं. पूर्वेकडची माणसं खोलीला राउम म्हणतात. त्याआधी त्या प्रेन्झलाउअर बेर्गला अल्टबाउत राहत, चौथ्या मजल्यावर. कोळशाच्या बादल्या तळघरातून वर आणायच्या, संडास जिन्याच्या टप्प्यावर, हिवाळ्यात तिथलं पाणी गोठायचं. हे घर मिळायला त्यांनी सहा वर्षं वाट पाहिली. “पहिल्या दिवशी नळ सोडला,” त्या म्हणाल्या, “आणि गरम पाणी आलं. मी हात धरून उभीच राहिले.” प्रेन्झलाउअर बेर्गचं तेच जुनं घर आज त्यांच्या ऐपतीबाहेर आहे, तरी परत जावंसं त्यांना कधी वाटलं नाही. १९९०मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्यानंतर इथून तरुण मंडळी निघून गेली, घरं ओस पडली, आरेन्सफेल्डेकडच्या अकरा मजली इमारतींचे वरचे मजले तर क्रेननं उतरवून त्यांची तीन ते सहा मजल्यांची गच्ची-घरं केली. ते सगळं त्यांनी याच बाल्कनीतून पाहिलं.

हवा खेळवायलाही त्यांनीच शिकवलं. आपल्याकडे खिडकी उघडीच असते, त्यात शिकायचं काय असं मला वाटायचं. इथे हिवाळ्यात घट्ट बंद घरात कुकरच्या शिट्टीची वाफ, आंघोळीची वाफ, वाळत घातलेले कपडे हे सगळं भिंतीत जाऊन बसतं आणि कोपऱ्यांत काळी बुरशी धरते. ती धरली तर दोष कुणाचा यावर मालक-भाडेकरूंत भांडणं होतात, म्हणून घरातली हवा रोज बदलायची हे करारातच लिहिलेलं असतं. हीटर बंद करून, सगळ्या खिडक्या एकदम सताड उघडून पाच-दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. नुसती फट ठेवून उपयोग नाही, त्यानं भिंत गार पडते. मी फेब्रुवारीत पहिला आठवडा आळस केला आणि बेडरूमच्या कोपऱ्यात ओल दिसली. तेव्हापासून गजर लावला आहे.

मार्चमध्ये दोघं आली. लेकीला लिफ्ट आवडली, आणि लिख्टेनबर्गच्या डोंग शुआन सेंटरमधली व्हिएतनामी दुकानं. ऐंशीच्या दशकात पूर्व जर्मनीनं कामगार म्हणून आणलेल्या व्हिएतनामी माणसांमुळे या भागात त्यांची मोठी वस्ती आहे, आणि मला तिथे भरघोस कोथिंबिरीच्या जुड्या मिळतात. रविवारी मिक्सर मी लावत नाही, ड्रिल तर नाहीच. तो दिवस शांततेचा असतो आणि काँक्रीट आवाज फार लांब नेतं.

नावाची पाटी मात्र त्याआधीच लागली होती, ताबा घेतल्यावर चौथ्या दिवशी. हाउसमाइस्टरांनी खालच्या पाटीत आमच्या आडनावाची पट्टी सरकवली, अक्षर न् अक्षर बरोबर. टपालपेटीवरही तीच. दोन आठवड्यांनी तिच्यात करक्रमांकाचं पत्र येऊन पडलं. मी पाटीचा फोटो काढून बाबांना पाठवला आणि संध्याकाळी फोन केला.

बाबांना हे घर समजावणं सोपं नव्हतं. आमच्या खोलीत पलंगाखाली पत्र्याची एक ट्रंक आहे, तिच्यात आजोबांच्या नावावरच्या १९५८पासूनच्या भाडेपावत्या आहेत. चाळीच्या पुनर्विकासात पात्रता ठरवायला आले तेव्हा बाबांनी त्या ट्रंकेतूनच एकेक कागद काढून दाखवला, आणि त्या जोरावर ५०० चौरस फुटांच्या घरासाठी आमचं नाव यादीत लागलं. भाड्यानं राहणाऱ्याची सगळी ताकद त्या पावत्यांत असते हे त्यांना ठाऊक आहे.

“आडनाव नीट लिहिलंय,” ते म्हणाले. “करार किती महिन्यांचा?”

“मुदतच नाही, बाबा. बेमुदत.”

ते थांबले. बेमुदत हा शब्द आमच्या घरात एकाच गोष्टीसाठी वापरला गेला आहे. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा बाबा चोवीस वर्षांचे होते. त्यानंतर गिरणीत त्यांना काम मिळालं नाही, आणि निवृत्तीपर्यंत त्यांनी वॉचमनची नोकरी केली.

“म्हणजे तुम्ही म्हणाल तोवर राहायचं?”

“हो. भाडं भरत राहायचं, आणि राहायचं.”

पलीकडे आई काहीतरी विचारत होती. त्यांनी तिला हातानं थांबवलं असावं.

“पावत्या देतात का?”

“बँकेतून जातं बाबा भाडं. नोंद राहते.”

“ते असू दे,” बाबा म्हणाले. “दर महिन्याला कागदावर काढून ठेव. एका फाइलीत लाव, तारखेप्रमाणे.”